मिरचीचे हात

झरीच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या आप्पाराव गुरुजींना दुखण्याचं शास्त्र तोंडपाठ होतं. वर्षभराच्या मिरच्यांचे देठ खुडून सारजाबाईंचे हात दोन-दोन दिवस जळायचे. गुरुजी बायकोला समजावायचे, "मिरचीतला तिखट पदार्थ मज्जातंतूंची टोकं चेतवतो. त्या तंतूंच्या पेशी रसायनं सोडून मेंदूला निरोप धाडतात, हात भाजला म्हणून. निरोप खोटा असतो. जळत काहीच नसतं." सारजाबाई हात ताकात बुडवून बसायच्या.

यंदा त्या सेलूला भावाच्या लग्नाला गेल्या होत्या. आईमागे त्यांनीच वाढवलेला भाऊ, त्याच्यावर अक्षता टाकायची केवढी हौस! मुहूर्त गोरजाचा होता. परीक्षेमुळे मागे राहिलेले गुरुजी लग्नाच्या दिवशी सकाळी निघणार होते, पण अंगणातल्या मिरच्या बघून त्यांना बायकोची दया आली. तासभर देठ खुडले, हात पंच्याला पुसले आणि घाम आला म्हणून डोळा चोळला.

डोळा पेटला. पाणी मारलं, तर आग गालभर पसरली. त्याच पंच्याने तोंड पुसलं, तेव्हा दुसरा डोळाही पेटला. निरोप खोटा आहे हे ठाऊक असूनही गुरुजी ओसरीवर लहान मुलासारखे रडले. शेजारचे मुंजाजी धावत आले. गुरुजी कसेबसे म्हणाले, "कंडक्टरजवळ सेलूला निरोप द्या. जरा बरं न्हाई म्हणावं, येणं होत न्हाई. काळजीचं काई न्हाई."

मुंजाजींनी शब्द न् शब्द तसाच धाडला आणि तिथेच घात झाला. आपल्याकडे माणूस गेल्यावर पै-पाहुण्यांना नेमका हाच निरोप जातो. लग्नघरच्या जाणत्यांनी एकमेकांकडे पाहिलं, जीप मिळवली आणि सारजाबाईंना तीत बसवलं.

दिवस मावळताना जीप दारात थांबली. सारजाबाई हंबरडा फोडत आत आल्या, तर गुरुजी सुजल्या डोळ्यांनी भिंतीला टेकून बसलेले. त्यांनी गुरुजींचा खांदा चाचपून पाहिला. काय झालं ते मुंजाजींनी सांगितलं.

"लय आग होती," गुरुजी खाली मान घालून म्हणाले. "तुझे हात इतके जळत असतील असं वाटलंच न्हाई कधी. चुकलं माझं. आन् लग्नही हुकवलं तुझं."

सारजाबाईंनी ताकाची वाटी त्यांच्यापुढे ठेवली. मग अंगणात जाऊन सेलूच्या दिशेला तोंड केलं आणि सकाळीच पदराला बांधलेल्या अक्षतांची गाठ सोडली. गुरुजी चाचपडत मागे आले. त्यांनीही हात पुढे केला.

"तुमी नका टाकू," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "मिरचीचे हात हायत."