पारड्यावरचा हात

अनावरणाला दोन तास उरले असताना वजनमापं तपासणाऱ्या कार्यालयाच्या प्रवेशदालनात पुरुष खाली गेला आणि बाई वर गेली.

दोघंही पितळेची होती. शिल्पकार बाईंनी माणसाच्या उंचीचा तराजू घडवला होता. एका पारड्यात बाई उभी, दुसऱ्यात पुरुष, शिल्पाचं नाव 'समता'. बाई चांगली उंच, म्हणून पोकळ ओतलेली. पुरुष अंमळ बुटका, पण भरीव. चार महिने घासून-कोरून शिल्पकार बाईंनी दोघांची वजनं गुंजभरही फरक न ठेवता जुळवली होती. दांडीला कसलाही टेकू नाही, ती आपली आपण आडवी राहणार, एवढीच त्यांची अट आणि एवढीच मिजास.

"कोणी हात लावला याला?" त्यांनी विचारलं.

"हात कोण लावेल?" मोठे साहेब म्हणाले. "बूट लावले."

साहेबांच्या डोळ्यांत पुरुषाचा बुटकेपणा सलत होता. आदल्या दिवशी, दांडी अजून दोरांनी बांधलेली असताना, वेल्डरला बोलावून त्यांनी पुरुषाला जाड तळाचे पितळी बूट चढवले होते.

"आणि बिघडलं कुठे? बाई वर गेली. मान मिळाला की तिला!"

"वर जातं ते पारडं हलकं, साहेब," निरीक्षक खाकरले. अख्खं कार्यालय त्यांना मिलिग्राम म्हणत असे, आणि ते ऐकून त्यांना बरंच वाटे. "कागदावर घ्यायचं झालं तर 'बाई मापात कमी' असं लिहावं लागेल मला. त्यात आपल्याच दारात वाकडा तराजू."

"बूट काढा," शिल्पकार बाई म्हणाल्या.

"बूट राहतील. बाईला जड करा. पोकळच आहे ना ती?"

वेल्डरने बाईच्या पाठीला भोक पाडून शिशाच्या गोळ्या भरल्या. शिल्पकार बाई तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. दांडी आडवी झाली. मिलिग्रामांनी एक डोळा मिटून खात्री केली, आणि सत्तावीस वर्षांच्या सवयीने भोकावर खात्याचं सील ठोकून मोकळे झाले. मापात आलेली वस्तू बिनसिलाची सोडणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

तेवढ्यात आवक-जावकाचं टेबल सांभाळणाऱ्या ताई कामावर आल्या. त्यांनी शिल्प वरपासून खालपर्यंत पाहिलं. नजर खालीच राहिली.

"साहेब, ह्याला बूट आणि ती अनवाणी? ही समता होय? आमच्या घरीही अशीच आहे, पण आम्ही ती बघायला पाहुणे बोलावत नाही."

साहेबांना घाम फुटला. प्रमुख पाहुण्या बायकांच्या हक्कांसाठी तीस वर्षं भांडलेल्या. बाईला बूट घडवायला आता वेळ नव्हता.

"कापा! काढा ते बूट!"

बूट निघाले. शिशाने जड झालेली बाई धाडकन खाली आली आणि पुरुष छताकडे निघाला.

"आता शिसं काढ," साहेबांनी वेल्डरला फर्मावलं.

"सील आहे," मिलिग्राम म्हणाले.

"तुम्हीच मारलंत ना? तोडा!"

"मला मारता येतं, साहेब. तोडता येत नाही. त्याला रीतसर अर्ज, मग परवानगी, मग पंचनामा."

"मग पुरुषात शिसं भरा!"

"भरीव आहे हो तो," वेल्डर म्हणाला. "त्याच्यात काही शिरत नाही."

"मग त्याच्या पारड्यात एखादं वजन ठेवा!"

मिलिग्राम दुखावले. "पारड्याला सुटं वजन लावलं म्हणून गेल्याच आठवड्यात एका किराणावाल्याला दंड केलाय मी."

बाहेर गाडीचं दार वाजलं. "आणि हात ठेवला तर?" साहेबांचा आवाज चिरकला.

मिलिग्रामांनी मनातल्या मनात नियमावली चाळली. "हाताबद्दल काही म्हटलेलं नाही."

सोहळा उत्तम झाला. जुन्या मित्राच्या खांद्यावर ठेवावा तसा पुरुषाच्या पारड्यावर हात ठेवून मोठे साहेब सव्वा तास उभे होते. त्यांना टाळ्या तेवढ्या वाजवता आल्या नाहीत. जाताना शिल्पकार बाई त्यांच्या कानाशी म्हणाल्या, "अर्ज मी आत्ताच देऊन जातेय. परवानगी आली की कळवा. शिसं मी स्वतः काढणार."

दुसऱ्या दिवशी सूचना लागली : तराजू सरळ राहावा म्हणून पुरुष कर्मचाऱ्यांनी आळीपाळीने अर्धा-अर्धा तास हात द्यावा, महिलांना यातून खास सूट. पहिली पाळी साहेबांनी घेतली, फोटो निघाला. मग दोघा कारकुनांच्या खांद्यांत उसण भरली. मिलिग्रामांना बाजारात तपासण्या निघाल्या. उरलेल्यांना एकाएकी आपापल्या टेबलांची ओढ लागली.

दोन महिने झाले तरी निरोप नाही, तेव्हा शिल्पकार बाई स्वतःच आल्या. दांडी दृष्ट लागावी इतकी सरळ होती. पुरुषाच्या पारड्याला खेटून एक टेबल सरकवलेलं होतं, आणि ताई डावा हात पारड्यावर ठेवून उजव्या हाताने टपालावर शिक्के मारत होत्या.

"ताई, हे काय?"

"समता," ताई मान वर न करता म्हणाल्या. "सकाळी मी धरते, दुपारी टायपिस्ट. नवीनच आलीय ती मुलगी, अजून शिकतेय. तिच्या हातात दांडी जरा डुलते."

"आणि माझा अर्ज?"

"हा काय, इथेच आहे. कालपरवाच्या टपालाखाली. पण मॅडम, आवक रजिस्टर केवढं मोठं! अर्ज त्यात चढवायचा तर दोन्ही हात लागतात."

शिल्पकार बाईंनी काही क्षण दांडीकडे पाहिलं. मग खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि पारड्यावर हात टेकला. ताईंनी आपला हात अलगद काढून घेतला, खांदा दोनदा फिरवला, बोटं मोडली, आणि अर्ज उजेडात धरून पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला.

"यावर साहेबांचा शेरा लागेल आधी," त्या म्हणाल्या. "वर जाऊन घेऊन येते. तोवर हलू नका हं, मॅडम."