धुरीमामांचं जपानी चेडू

भर दुपारी, पारा पन्नाशीला टेकलेला असताना, कुवेतमधल्या सलव्याच्या एखाद्या गल्लीतून मोठ्या आवाजात जपानी गाणं ऐकू आलं आणि त्यात मधूनच एक घोगरा पुरुषी आवाज "आsssई" म्हणून घुसला, तर खुशाल समजावं की कुणाचा तरी एसी बंद पडला आहे आणि धुरीमामा आले आहेत.

यशवंत धुरी हे त्यांचं इकाम्यावरचं, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावरचं नाव. गाव कुडाळच्या बाजूचं. कुवेतमध्ये एसी मेकॅनिक. त्यांच्या कंपनीचं वर्कशॉप राई नावाच्या भागात गॅरेजांच्या गर्दीत कुठेतरी होतं, पण मामांचा खरा मुक्काम त्यांच्या वनेटमध्ये. वनेट म्हणजे पिकअप. मागे गॅसचे सिलिंडर, शिडी आणि उघडे कंप्रेसर. पुढे देवाची तसबीर, उदबत्तीचं घर आणि एका काळ्याभोर केसांच्या मुलीचा फोटो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, ही कोणी नवी देवी.

"देवी न्हय ओ," मामा म्हणाले. "आपलां चेडू."

चेडू म्हणजे मालवणीत मुलगी. ही मुलगी होती एक जपानी गायिका. जन्म अमेरिकेतला, आईबाप जपानी. स्वतःच गाणी लिहायची, स्वतःच चाली बांधायची, आणि सोळाव्या वर्षी तिची पहिली सीडी जपानमध्ये गरम भज्यांसारखी खपली होती. तिचं नाव मात्र मामांनी कधी उच्चारलं नाही. "नाव घेवन दिष्ट लागता." तेव्हा मीही ते इथे लिहीत नाही. उगाच कशाला?

मामांचा एसीबद्दल एकच सिद्धांत होता. चालू झालेला एसी बंद करायचा नाही. कोणी खोलीतून जाताना बटणाकडे हात नेला की मामा ओरडायचे, "बंद करू नकात! एसी बंद झालो तर माणूस बंद पडता!" आमच्या घरात हे वाक्य इतकं रुळलं होतं की माझी दहा वर्षांची केतकी मला शाळेच्या भाषेत सुनवायची, "बाबा, डोन्ट टच इट, माणूस बंद पडता."

मी नाशिकचा. एका रिफायनरीत इन्स्पेक्शन खात्यात होतो. दुसऱ्याच्या चुका शोधायच्या आणि लाल शाईने लिहायच्या, याचा मला पगार मिळायचा. सवय अशी जडली होती की हॉटेलच्या मेनूकार्डातली स्पेलिंगंही मी दुरुस्त करून यायचो. बायको म्हणायची, तुम्ही स्वर्गात गेलात तरी दाराची बिजागरी तपासाल. अशा माणसाच्या घरी धुरीमामा यावेत, हा एक योगच.

त्या मुलीची गाणी मामांच्या वाट्याला आली ती सलव्यातल्याच एका जपानी बाईंमुळे. मामा त्यांच्याकडे एसी साफ करायला गेले होते. बाई ही सीडी ऐकत होत्या. त्यांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं की गाणारी मुलगी सोळा वर्षांची आहे. मामा त्याहून मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "माय डॉटर, सेम सिक्स्टीन." पुढे त्या बाई कायमच्या जपानला परत निघाल्या तेव्हा त्यांनी मामांना बोलावून ती सीडी हातात ठेवली. म्हणाल्या, "फॉर युवर डॉटर." मामांनी एका दुकानात जाऊन तिच्या दोन कॅसेट भरून घेतल्या. एक वनेटमध्ये, दुसरी कुडाळला, वैशालीला.

वैशाली, म्हणजे वैशू, ही मामांची एकुलती एक लेक. आत्याकडे राहायची.

मामांना जपानीचा एक शब्द येत नव्हता, पण गाण्यांचा अर्थ ते छातीठोकपणे सांगायचे. कारण त्या पहिल्या सीडीतल्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात ती मुलगी पुन्हा पुन्हा "आई, आई" म्हणते.

"आयकलास? आवशीक हाक मारता तां," मामा पाना खाली ठेवून म्हणायचे. "बापूस कामार गेलो, आवस दिसना नाय. घरात एकटांच आसा. मगे गाणां लिवल्यान."

"मामा, जपानीत आईला आईच म्हणतात कशावरून?"

"जगात सगळीकडे आवशीक आईच म्हणतत," मामांनी निकाल दिला.

तेव्हा मलाही जपानी येत नव्हतं. पण त्या निमित्ताने मी सहज विचारलं, वैशूला आवडली का कॅसेट? मामा बराच वेळ फिल्टरवर पाणी मारत राहिले. मग त्यांनी सरळ सांगून टाकलं. वैशू नऊ वर्षांची असताना तिची आई गेली. मामांचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, कपाटाची किल्ली मुदीरकडे, म्हणजे मॅनेजरकडे, आणि मुदीर सुट्टीवर. "बाराव्याक पोचलंय," मामा म्हणाले. "वैशून माका बघल्यान आणि घरात गेला. तेव्हापासून फोनार तीनच शब्द. होय. नाय. बरी आसय."

दर शुक्रवारी दुपारी चार वाजता मामा फोन करायचे आणि हे तीन शब्द ऐकायचे. एकदा मी कुरकुर केली की आमची केतकी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देते. मामा माझ्यावर चक्क चिडले. "इंग्लिशीत तर इंग्लिशीत. बोलता मां?"

त्यानंतर मी केतकीचं इंग्रजी मुकाट्याने ऐकू लागलो.

पुढे आमच्या ऑफिसात इंटरनेट आलं आणि मी मामांचा बातमीदार झालो. दर गुरुवारी फोन यायचा, "साहेब, आपल्या चेडवाचां काय?" मी छापून आणलेला कागद वाचून दाखवायचो. दुसरी सीडी आली, पहिलीपेक्षा जास्त खपली. मामांनी राईच्या वर्कशॉपमध्ये पेढे वाटले. एका मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, फोरमनने विचारलं, मुलगी पास झाली का? मामा म्हणाले, हो. मग ती अमेरिकेला गेली, इंग्रजीत गाणी केली, आणि ती सपशेल आपटली. तो आठवडा मामांनी आमच्या गल्लीतल्या एका अमेरिकन साहेबाचा एसी दुरुस्त करायला साफ नकार दिला. "गरमेत बसान्दे. मगे कळात."

त्या आपटण्यानंतर ती गप्पच झाली. नवी सीडी नाही, बातमी नाही. सहा महिने, आठ महिने. मामांचं खाण्यावरचं लक्ष उडालं. "चेडवां गप झाली की वायट," ते म्हणायचे. शेवटी एका शुक्रवारी त्यांनी आपल्या मेसवर गाऱ्हाणं घातलं. मी साक्षीला होतो. अकरा कोकणी सडे फटिंग, कोणी सुतार, कोणी वेल्डर, लुंग्या सावरून उभे. मध्ये नारळ आणि वनेटमधून काढून आणलेला तो फोटो.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज समुद्राच्या पलीकडे जां काय आमचां चेडू गप होवन बसला हा, तेच्या गळ्यात जो काय अडथळो इलो आसात..."

"व्हय म्हाराजा!"

"...तो दूर कर, आणि तेका पुन्ना बोलता कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. निम्मे हसत होते. मामांचा आवाज शेवटच्या ओळीला फाटला, तेव्हा ते हसायचे थांबले. गाऱ्हाणं नक्की कोणत्या चेडवासाठी चाललं आहे, हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं होतं.

चार महिन्यांनी त्या गायिकेची नवी सीडी आली, पुन्हा जपानीत आणि पुन्हा धडाक्याने. मामा म्हणाले, "बघलास? आमचो देव जपानातव चलता."

याच सुमारास आमच्या प्रोजेक्टवर एक जपानी इन्स्पेक्टर आले. शांत, हसरे गृहस्थ. एकदा चहा घेताना मी त्यांना मामांचं ते लाडकं गाणं गुणगुणून दाखवलं. माझं गाणं ऐकून त्यांना जे काही झालं असेल ते त्यांनी सभ्यपणे गिळलं आणि अर्थ सांगितला. मुलगी बसस्टॉपवर उभी आहे. तिचा मित्र येणार होता. तो येत नाही. बस्स.

"आणि ती आईला हाक मारते ते?"

"आई?" ते हसले. "आई म्हणजे प्रेम."

झालं! माझ्या डोक्यात लाल शाईची बाटली उपडी झाली. इतक्या वर्षांची एवढी ढळढळीत चूक, आणि ती माझ्या नजरेसमोर रोज वनेटमधून फिरते आहे! पण सांगायचं कसं? मामांनी त्या एका शब्दावर आपलं सगळं दुःख टेकवून ठेवलेलं. दोन महिने मी तोंड मिटून बसलो. माझ्यासारख्या माणसाला दोन महिने म्हणजे जन्मठेपच.

मग आमच्या मित्रमंडळींची खैरानला सहल निघाली. समुद्रकाठचं शॅले भाड्याने घेतलेलं, आणि पोचतो तो त्याचा एसी बंद. मामांना फोन केला. शुक्रवार असूनही ते वनेट घेऊन तासाभरात आले, कपॅसिटर बदलला, बायकांचे आशीर्वाद घेतले आणि वनेटमध्ये येऊन बसले. मीही शेजारी बसलो. एसी भणभणत होता, कॅसेट चालू होती, आणि तेवढ्यात ती "आई" आली. माझा संयम सुटला.

"मामा, राग मानू नका. पण ती आईला हाक मारत नाही. जपानीत आई म्हणजे प्रेम."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस खचणार.

"माका ठावक आसा," मामा म्हणाले. "चार म्हयने झाले."

"चार महिने?"

"वैशून सांगितल्यान." मामांनी गाण्याचा आवाज कमी केला. वैशू शिकायला पुण्याला आईच्या भावाकडे गेली होती. तिथे ती कॉलेज सांभाळून जपानीच्या क्लासला जाऊ लागली. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही. मग एका शुक्रवारी मामांनी फोनवर नेहमीसारखं सहज म्हटलं की तुझ्यासारखंच ते चेडू आईला हाक मारतं. आणि मग वैशू एकदम म्हणाली, "बाबा, तुमका कायव कळणा नाय. आई म्हणजे आई न्हय. आई म्हणजे प्रेम." आणि पुढे अख्खं गाणं समजावून सांगितलं.

"वीस मिन्टां बोल्ला," मामा म्हणाले. "वीस मिन्टां! तीन शब्दांवरसून."

म्हणजे ती कॅसेट तिने ऐकली होती. नुसती ऐकली नव्हती.

"मग तुम्ही अजून 'आई, आई' करत का फिरता?"

मामा लाजले. साठीकडे झुकलेला माणूस लाजताना मी पहिल्यांदाच पाहिला. "दर शुक्रवारी एक नवी चूक लागता ओ. चूक केलंय तर तां दुरुस्त करता. बरोबर बोललंय तर काय बोलतला? बरी आसय." मग घाईघाईने म्हणाले, "कोणाक सांगू नकात. वैशूक तर अजिबात नको."

जन्मभर मी चुका खोडत आलो, आणि हा माणूस त्या जपून, एकेक निवडून, लेकीसाठी घेऊन जात होता.

चार वाजले. मामांनी मोबाइल काढला, नंबर लावला आणि घसा साफ केला.

"वैशू? बरी आसस? गो, नव्या सीडीतलां तां तिसरां गाणां आयकलंय. त्यात तां आपल्या आज्याक हाक मारता मगो? नाना, नाना म्हणता."

पलीकडून काहीतरी फुटल्यासारखा आवाज आला. तो मलाही ऐकू आला. "नाना? ओ बाबा! नाना म्हणजे सात! सात! फोन सात वेळा वाजलो, असां म्हणता ती!"

"असां? मगे आजो खंय गेलो?"

"आजो नाहीच आहे त्या गाण्यात! नीट ऐका, मी पहिल्या ओळीपासून सांगते..."

एसीच्या भणभणाटात पुढचं नीट ऐकू येईना. मामांनी एका हाताने फोन कानाशी घट्ट धरला, दुसरा हात पुढे केला आणि वनेटचा एसी बंद केला.

खैरानच्या त्या उन्हात काचा बंद करून आम्ही दोघे घामाने निथळत बसलो होतो, आणि पुण्याहून एक मुलगी आपल्या बापाची चूक दुरुस्त करत होती.