विशाखाची झोप आणि मामाजींचा ड्रम

मामाजींचा ड्रम पाळण्याजवळ ठेवा, हे मीच म्हटलं. पुढं जे झालं त्यात दुसऱ्या कुणाची चूक नाही, हे आधीच सांगून टाकते. आतल्या खोलीत तुरीची पोती होती, तिथं ड्रमवर उंदीर चढले असते. (मला उंदरांची भीती वाटते. तशी मला सगळ्याचीच वाटते, पण उंदीर वरच्या नंबरात आहेत.)

मामाजी म्हणजे आमच्या ह्यांचे मामा, भिवाजी. बावीस वर्षं त्यांनी मुंबईच्या हॉटेलांत विजेची गिटार वाजवली. इंग्रजी गाणी, रॉक म्हणतात तसली. पंचावन्न वय, तरी केस खांद्यापर्यंत. हॉटेलवाल्यानं तरणी पोरं ठेवली, तसे मामाजी गिटार, ड्रम आणि एक ट्रंक घेऊन एस.टी.नं रिसोडला आमच्याकडे आले आणि म्हणाले, नवा बँड काढतो. दुष्काळ सरला होता, लग्नं भरपूर होती. ड्रमवर त्यांनी देवला टेलरला बसवलं, कारण ड्रमला खाली पायानं दाबायची पट्टी असते आणि मशीन चालवून देवलाचा पाय तयार होता. तिसरे पोस्टातले नानाजी. त्यांना काहीच वाजवता येत नव्हतं, म्हणून विशाखाचा खुळखुळा दिला.

विशाखा माझी मुलगी, आठ महिन्यांची. ती झोपायचीच नाही. झोपली तरी दहा मिनिटांत उठायची. मी तर किती जपायची तिला. श्वास चालू आहे ना म्हणून नाकापाशी बोट धरायची, कपाळाला हात लावायची, कूस बदलून द्यायची. (सातवीपर्यंत शिकले आहे, आरोग्याचा धडा मला अजून पाठ आहे.)

पहिल्या तालमीच्या दिवशी मी पाळण्यापाशीच बसून राहणार होते. पण तिघांचा चहा, मग परत चहा, मग देवलाच्या पायानं फळीवरची भांडी खाली आली ती आवरली, यात दोन तास गेले. विशाखा गाढ झोपलेली. तालीम थांबली तशी मी धावत गेले, नाकापाशी बोट धरलं, तर उठली आणि रडायला लागली. मी काय ते समजले. पोरीला ड्रम लागतो.

तेव्हापासून रोज दुपारी तालीम झालीच पाहिजे असा मीच धोशा लावला. पोरगी ड्रमनं झोपते, असं गल्लीतही सांगून आले. मामाजींना मात्र ते फार लागलं.

"सूनबाई, मुंबईत माह्या बँडनं बसलेले लोक उठून नाचत होते," ते म्हणाले. "अठी पयली सुननारी भेटली, ते घोरून राह्यली."

मग मेडशीच्या माणिकरावांच्या मुलीच्या लग्नाची सुपारी आली. बँडची पहिलीच. मामाजींनी केसांना तेल लावत सांगून टाकलं, "हे लगन निभलं त बँड राहीन. नाई त ड्रम इकतो अन् देवला आपल्या मशीनवर जाईन."

मला वेगळीच काळजी. ड्रम मेडशीला गेला तर पोरगी झोपणार कशी? हे म्हणाले, एक दिवस नाही झोपली तर काय होते? (पुरुषांना असंच वाटतं.) मी विशाखाला घेऊन ड्रमसोबत जीपमध्ये बसले.

लग्न लागलं. मग बँड सुरू झाला. मी मांडवाच्या खांबांना साडीचा झोका बांधून विशाखाला ड्रमपाशी टाकलं आणि कामाच्या माणसांच्या पहिल्या पंगतीत वाढायला गेले. ती छान झोपली. पण आम्हा बौद्धांच्या लग्नात भाषण असतंच, आणि लाऊडस्पीकर एकच. गिटारची वायर काढून माईकची लावली. दौलतराव गुरुजी हुंड्यावर बोलायला उभे राहिले आणि बँडवाले जेवायला गेले.

ड्रम गप्प झाला. मी वरणाची बादली ठेवून पळाले, नाकापाशी बोट धरलं. विशाखा उठली. रडायला लागली. देवला तर पंगतीत बसलेला. मग काय करणार, मी त्याच्या स्टुलावर बसले, काठ्या हातात घेतल्या आणि पट्टीवर पाय ठेवला. मी हळूच वाजवला होता.

गुरुजी थांबले. लोकांना वाटलं भाषण संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजी पाणी पिऊन पुन्हा "तर बंधूंनो" म्हणाले. विशाखा झोपली होती, म्हणून मी काठ्या ठेवल्या आणि श्वास बघितला. उठली. मी वाजवला. पुन्हा टाळ्या. तिसऱ्या वेळी गुरुजी शिक्षणाच्या मुद्द्यावर आले होते, ते "एवढं बोलून" म्हणाले आणि खाली बसले.

मामाजी खरकट्या हातानं धावत आले. त्यांच्या तोंडावर मला विकलेला ड्रम दिसत होता. मागून नवरीचे वडील माणिकराव. मी काठ्या पदराखाली घेतल्या.

"भिवाजी, मांगच्या लग्नात गुरुजी दोन घंटे बोलले," माणिकराव हळूच म्हणाले. "सारं वऱ्हाड उपाशी. आज पाव घंट्यात आटोपलं. फुडच्या मयन्यात पुतनीचं लगन हाय. तवाबी या, अन् हे बाई संगं आना."

बँड राहिला. मी इतकी खुश झाले की झोक्यापाशी बसलेल्या नवरीच्या आत्याला, प्रयागबाईंना, ड्रमचा गुण समजावून सांगितला. त्या मघापासून सगळं बघत होत्या.

"पोरी, ते ड्रमनं नाई झोपत," त्या म्हणाल्या. "ड्रम वाजते तवा तुहे हात गुतलेले रायतेत. तू तिले उठवत नाईस, म्हनून झोपते."

मी म्हटलं, असं काही नसतं. परतीला ड्रम जीपच्या टपावर बांधला, विशाखाला नानाजींच्या मांडीवर दिलं आणि मी दोन्ही हात स्वतःच्या मांडीखाली दाबून बसले. मेडशी ते रिसोड एकही खड्डा चुकला नाही. विशाखा घरापर्यंत घोरत आली.

मामाजींनी प्रयागबाईंचं बोलणं घरी सांगितलं. ह्यांनी दुसऱ्या दिवशी बाजारातून लोकर आणि सुया आणून माझ्यापुढं ठेवल्या.

बँड जोरात चालला आहे. विशाखा दोन-दोन तास झोपते. तिचे सहा स्वेटर विणून झाले, सातव्याची बाही चालू आहे. रिसोडला सध्या वैशाख आहे.