उपसापट्टीची पंगत

उपसापट्टी लागू झाली आणि पहिल्याच आठवड्यात चिंचजवळग्यातल्या मोटरी आधीपेक्षा जास्त चालू लागल्या. असं कसं झालं, ते कुणालाच कळेना.

शिरूर अनंतपाळहून आलेल्या साहेबांनी तर नीट समजावून सांगितलं होतं. जमिनीखालचं पाणी सगळ्या गावाचं. जो जास्त उपसेल त्याने जास्त पट्टी भरायची, आणि ती लावायचा अधिकार गावच्या पाणी समितीला. बोअरबोअरला मीटर बसलं. खिशाला चाट बसली की माणूस आपोआप हात आखडता घेईल, असा सरळ मामला.

या सरळ मामल्यावर सगळ्यात जास्त भरवसा होता केवळाबाईंचा. त्यांच्याकडे तुकडाभर रान आणि त्यात एक जुनी विहीर. मोटर नाही, दोर, बादली आणि दोन हात. त्या पाण्यावर मेथी, कोथिंबीर, आणि मेथी-कोथिंबिरीवर केवळाबाई. शेजारी भारतरावांचा ऊस. त्यांची मोटर सुरू झाली की इकडे विहिरीतलं पाणी कुणी खालून ओढल्यासारखं खाली जाई.

समितीचा अध्यक्ष सुदाम. भाविक माणूस. मारुतीच्या देवळात सप्ताह बसला की रोजच्या पंगतीचे दाते जाहीर करण्याचा मान पिढीजात त्याच्या घराण्याकडे. आवाज असा की माईक नुसता शोभेला. समितीत ठरलं होतं की रोज हरिपाठ झाल्यावर प्रत्येकाची पट्टी देवळातल्या भोंग्यावरून सांगायची. चारचौघांत नाव निघालं की माणूस लाजेल.

पहिल्या संध्याकाळी सुदामाने माईक हातात घेतला. पण त्याच्या घशाला एकच चाल ठाऊक.

"मंडळीऽऽ! आजची उपसापट्टी! आपल्या गावचे सुपुत्र, श्रीमान भारतराव यांच्यातर्फेऽऽ रुपये दोनशेऽऽ!"

मृदंगवाल्याचा हात सवयीने पडला. धिडधिडधाऽ! माळकऱ्यांनी सवयीनेच गजर केला. मागे खांबाला टेकून बसलेले भारतराव आधी दचकले, मग त्यांनी हळूच टोपी सरळ केली.

सप्ताहात बुंदीची पंगत देणाऱ्याचं नाव मृदंगावर वाजतं, तेव्हा त्याच्या तोंडावर जे तेज चढतं ते ज्याने पाहिलं नाही, त्याने कीर्तन अर्धंच ऐकलं म्हणायचं. ते तेज त्या संध्याकाळी भारतरावांवर चढलं आणि साऱ्या गावाने ते डोळे भरून पाहिलं.

त्याच संध्याकाळी भाकरी थापता थापता रुक्मिणबाई नवऱ्याला म्हणाल्या, "काय वो, भारतरावाचं नाव लई वाजलं. आपल्या नावाला साधी थाप बी न्हाई?"

"आपले चाळीसच झाले की."

"मग चालवा की मोटर! हात बांधलेत का कुनी?"

दुसऱ्या दिवशी रुक्मिणबाईंच्या घरचं नाव वाजलं. तिसऱ्या दिवशी भारतरावांनी ते मागे टाकलं. उसाला पाणी पुरून उरलं, तेव्हा त्यांनी पाइप नाल्यात सोडला. ज्यांच्या शेतात काही नव्हतं ते बांधावरच्या बाभळी भिजवू लागले.

सुदामाने डोकं खाजवलं आणि पट्टीचा दर दुप्पट केला. मग तर काय विचारता! आधी पिठलं-भाकरीची पंगत होती, ती आता जिलेबीची झाली.

चौथ्या दिवशी सुदाम ओट्यावर चहा पीत असताना केवळाबाई आल्या आणि त्यांनी बादली त्याच्या पुढ्यात पालथी केली. चिखलाचा एक गोळा आणि घाबरलेला बेडूक.

"मावशे, हे काय?"

"माजी हीर. बग, सगळी आणली तुज्याकडं."

बेडूक ओट्यावरून उतरून गेला. सुदामाने कप खाली ठेवला.

"मी काय करू मावशे? पट्टी लावली, दर वाढवला. लोकं ऐकूनच न्हाई राहिले! मला तर काईच समजंना."

"तुज्या घशाला इचार. घेणाऱ्याला तू देणारा करून राहिलास. पाणी वढतो भारत, आन् तू त्याचं नाव असं घेतो की जसं त्यानं गावजेवण घातलं!"

सुदामाने आपला घसा चाचपला. मग म्हणाला, "पर मावशे, मला दुसऱ्या चालीत बोलताच येत न्हाई."

"चाल ऱ्हाऊ दे. माणूस बदल."

त्या संध्याकाळी भोंगा वाजला. "मंडळीऽऽ! आजचं जलदान! आपली मोटर दिवसभर बंद ठेवून गावाला पाणी देणारे..."

नावं वाजली, मृदंग वाजला, गजर झाला. भारतरावांची पट्टी मात्र सुदामाने शेवटी, खोकल्यासारखी, एका दमात सांगून टाकली. भारतरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी गाव असं शांत झालं की पाखरांचा आवाज ऐकू यायला लागला. भारतरावांनी गोठ्यात गुंडाळून पडलेलं ठिबक झटकून उसात अंथरलं आणि ज्याला त्याला सांगत सुटले, "जरा जराच देऊन राहिलो. सुदामाच्या कानावर घाला."

पुढच्या महिन्यात सप्ताह बसला. काल्याच्या कीर्तनाला उदगीरचे महाराज. त्यांच्या हस्ते सगळ्यात मोठ्या जलदात्याचा सत्कार करायचा, असं समितीने जाहीर केलं. भारतरावांनी नवी टोपी आणली. सुदाम सगळी मीटरं पाहून आला, मंडपात उभा राहिला आणि त्याने नाव पुकारलं, "श्रीमान ग्यानोबाऽऽ! यांच्या मीटरचा काटा बसवल्यापासून हललेला न्हाई!"

मृदंग कडाडला. मागच्या रांगेतून म्हातारे ग्यानोबा उठले आणि बावरून पुढे आले. महाराजांनी शाल अर्धी पांघरली असेल नसेल, तोच भारतराव उभे राहिले.

"आरं सुदामा! त्याच्या बोअरमदी पाणीच न्हाई! मोटर चालू केली तर वारा येतो!"

मंडपात हशा उसळला. महाराजांनी शाल तशीच धरून विचारलं, "ग्यानोबा, खरं का हे?"

"हाव, महाराज. लई वर्सं झाली. गावात समद्यांना मीटर बसलं, आपल्याला नसलं तर बरं दिसत न्हाई म्हणून म्या बी बसवून घेतलं."

सुदाम केविलवाणा होऊन महाराजांकडे पाहत राहिला. महाराजांनी क्षणभर डोळे मिटले.

"भारतराव, ग्यानोबांनी गावचं थेंबभर पाणी घेतलं का?"

"न्हाई. पर..."

"झालं तर." त्यांनी उरलेली शाल पांघरली. "ज्यानं काहीच घेतलं नाही, त्याच्याहून मोठा दाता मी तरी कुठून आणू?"

गजर झाला. भारतरावांनी थोडं थांबून का होईना, टाळी वाजवली.

दुसऱ्या सकाळी केवळाबाई विहिरीवर उभ्या होत्या. खाली पाणी चमकत होतं. अगदी वर आलं नव्हतं, पण बादली बुडेल इतकं होतं. मेथी तरारली होती. बांधावरून ग्यानोबा आले. खांद्यावर शाल, हातात रिकामी घागर.

"केवळाबाई, एक घागर घेऊ का प्यायला?"

"या दाते, या!" केवळाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "घ्या की. पर उपसापट्टी पडंल."

ग्यानोबांनी घागर खाली ठेवली. "किती?"

केवळाबाईंनी दोराचं टोक त्यांच्या हातात दिलं आणि मेथीच्या वाफ्यांकडे बोट दाखवलं.

"ते दोन वाफे आदी. शाल काढून ठिवा, भिजंल."