सोनकांबळे काकांची भिंत

चहा पुढे केला की सोनकांबळे काका तो लगेच घेत नाहीत. दोन्ही तळहात तराजूसारखे समोर धरतात आणि स्वतःलाच विचारतात, "फायदा काय, नुकसान काय?" डाव्या हातात तरतरी, उजव्या हातात ॲसिडिटी. हात खालीवर होत राहतात, तोवर चहा निवतो. मग म्हणतात, "आता नक्को. थंड झाला."

माझ्या बहिणीला बघायला आलेल्या मुलालाही त्यांनी असंच समजावलं होतं. "पोरगी हुशार आहे, हा फायदा. तुमच्यापेक्षा हुशार आहे, हे नुकसान." लग्न झालं, पण आईनं काकांना पहिल्याच पंगतीला बसवलं आणि त्यांचं तोंड रिकामं राहणार नाही याची काळजी घेतली.

काका मूळचे नांदेडकडचे, वन खात्यातून निवृत्त झालेले. हैदराबादच्या कडेला आमची कॉलनी संपते तिथे राखीव जंगलाची भिंत लागते. काकांचं घर त्या भिंतीला चिकटून. मोर त्यांच्या गच्चीवरची मिरची खातात, साप न्हाणीत निघतात. काका तेही उजव्या हातात टाकतात आणि पुढे बोलू लागतात.

गेल्या वर्षी भिंत फोडून जंगलातून रस्ता काढायची मागणी आली. मोठा दवाखाना जंगलापलीकडे, आणि तिथे जायचं तर सगळ्या जंगलाला वळसा. रविवारी कॉलनीच्या हॉलमध्ये सभा भरली. बसायला जागा नव्हती. लोक आधीच चिडलेले. अध्यक्ष रेड्डींनी, इकडे सगळे त्यांना मानानं 'गारू' म्हणतात, जरा घाबरतच काकांच्या हाती माईक दिला.

काकांनी तो टेबलावर ठेवला, कारण त्यांना दोन्ही हात लागतात.

"रस्त्याचा फायदा आधी सांगतो," ते म्हणाले. "दवाखाना जवळ येईल. माझी शकुंतला कदाचित वाचली असती."

काकूंना छातीत कळ आली तेव्हा ॲम्ब्युलन्स वळसा घालत होती, हे सगळ्यांना माहीत होतं. काकांचा डावा हात हळूहळू खाली गेला आणि खालीच राहिला.

"आता नुकसान. रस्ता आला की जंगलाचे दोन तुकडे. मग कडेनं दुकानं, मग प्लॉट. आपल्या बोअरला उन्हाळ्यात पाणी टिकतं ते या झाडांमुळे. ती गेली की..."

"अंकल!" मागून श्रीनिवास उठला. त्याच्या आईचं हृदय कमजोर आहे. "आंटी गए सो भूल गए क्या?"

कुणीतरी खुर्ची ढकलली. दोघंतिघं पुढे सरसावले. रेड्डी गारू "कूर्चोंडी, कूर्चोंडी, बसा हो" करत राहिले. मला वाटलं, आता काकांच्या अंगावर जाणार.

काकांनी दोन्ही हात खाली सोडले. एवढी वर्षं ओळखते, बोलता बोलता त्यांचे हात असे लोंबताना मी पहिल्यांदा पाहिले.

"नाही विसरलो रे. तिची बाजू जड आहे. पण मला रस्ता नक्को, फाटक पाहिजे. फक्त ॲम्ब्युलन्ससाठी. आत खात्याची मातीची वाट आहेच. किल्ली चौकीदाराकडे, चोवीस तास. तुझ्या अम्माची गाडी तिथे अडली, तर ते फाटक मी माझ्या हातानं तोडीन."

श्रीनिवास खाली बसला.

रस्त्याच्या मागणीचा ठराव थोडक्या मतांनी पडला. फाटकासाठी काकांनी पुढे कितीतरी महिने वन खात्याच्या कचेरीत चकरा मारल्या. शेवटी भिंतीत लोखंडी फाटक बसलं.

परवा नामपल्लीहून ऑफिस सुटल्यावर घरी येत होते. उन्हं कलली होती. काका फाटकाशी वाकलेले, हातात शिलाई मशीनच्या तेलाची छोटी कुप्पी. कुलपात थेंब सोडले, किल्ली फिरवली, फाटक पूर्ण उघडलं, परत लावलं.

"कुणाला बरं नाही का, काका?" मी घाबरून विचारलं.

"नाही गं."

"रोज येतात साहेब," चौकीदार हसला. "एक दिन बी नागा नहीं."

काकांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. फाटक पुन्हा एकदा ढकलून पाहिलं. आत मातीची वाट झाडांमधून थेट पलीकडे गेली होती.

"उघडतंय," ते मला म्हणाले. मग त्या वाटेकडे बघत, अगदी हळू, "आता उघडतंय बघ, शकू."