वेंडेलकाकांचा पायगुण

पिरोश्काने शेगडीत लाकडं पेटवली आणि धूर धुराड्यातून वर जायचा सोडून सरळ घरात आला. तिने शेगडी विझवली, खिडक्या सताड उघडल्या आणि कोट चढवून विचार करत उभी राहिली. जानेवारी महिना. चार वाजता तिची लेक बोग्लार्का पाच दिवसांच्या बाळाला घेऊन इस्पितळातून येणार होती. पहिलीच नात. तिला सगळ्यांच्या आधी मांडीवर घ्यायचं, हे पिरोश्काने कधीचं ठरवून ठेवलं होतं. पण गारठलेल्या घरात बाळ आणायचं कसं? आणि तुंबलेल्या धुराड्याखाली शेगडी पेटवून झोपलं, तर सकाळी उठेल कोण? तिने धुराडी साफ करणाऱ्या वेंडेलला फोन लावला.

वेंडेल लगेच निघाला, पण चार गल्ल्या ओलांडायला त्याला दीड तास लागला. धुराडेवाला दिसला की आपल्या कोटाचं बटण धरून मनातलं मागायचं, ही गावाची रीत. त्याला हात लावायला मिळाला तर सोन्याहून पिवळं. वाटेत परीक्षेला निघालेल्या मुली भेटल्या, लॉटरीवाले भेटले. एका नवरीने तर गाडी थांबवून त्याचा मुका घेतला.

दारात पोचल्यावर त्याने पिरोश्काशी हात मिळवला, टोपी उचलली आणि परत वळला.

"अहो वेंडेलकाका, चाललात कुठे? धुराडं!"

"धुराडं? म्हणजे... साफ करायचं?"

"मग काय त्याला हार घालायचाय?"

"नाही, हल्ली तसं कुणी सांगत नाही. लग्नं, दुकानांची उद्घाटनं, एवढंच." त्याने खांद्यावरच्या कोऱ्या करकरीत ब्रशाकडे पाहिलं. "हा फोटोपुरता आहे. पण चालेल."

धुराडं साफ करायचं लोखंडी दार माळ्यावर होतं. शिडी चढून वेंडेलने माळ्याच्या झडपेत डोकं घातलं, खांदे घातले. मग गेल्या आठ वर्षांत लग्नांत खाल्लेले केक पोटाशी आडवे आले. तो ना वर जाईना, ना खाली येईना.

पिरोश्काने शेजारच्या एतेल्काला हाक मारली. एतेल्का आली ती आणखी चौघींना घेऊन.

"ओढा गं!" पिरोश्का म्हणाली.

"थांब की, आधी मागून घेऊ दे," असं म्हणत एतेल्काने वेंडेलच्या लोंबत्या बुटाला हात लावून डोळे मिटले. "एवढ्या निवांत कधी सापडतो का हा?"

"माझं गुडघ्याचं दुखणं राहिलंय, सरक!" मागची म्हणाली.

"खाली कोण गुदगुल्या करतंय?" माळ्यावरून आवाज आला.

अडीच वाजले तेव्हा पिरोश्काचा संयम संपला. तिने सगळ्यांना दमात घेतलं आणि एकदम ओढायला लावलं. वेंडेल खाली आला, माळ्यावरची सगळी धूळ अंगावर घेऊन.

"तुम्ही आंघोळीला जा. तो कोट आणि ब्रश द्या इकडे," पिरोश्का म्हणाली.

हडकुळी पिरोश्का झडपेतून सहज वर गेली. धुराड्यात पक्ष्यांचं घरटं होतं आणि दोन बादल्या काजळी. सगळं उपसून तिने खिडक्या लावल्या, शेगडी पेटवली आणि बाहेर येऊन वर पाहिलं. धूर सरळ आभाळात चालला होता. घरही तापू लागलं.

फाटकाशी उभ्या शेजारणींनी, नखशिखांत काळ्या पिरोश्काला बघून, पटापट आपापली बटणं धरली.

तेवढ्यात बोग्लार्का आली. पिरोश्का हात पसरून धावली.

"आई, लांब हो! आधी आंघोळ!"

आंघोळ कसली? गरम पाणी वेंडेलने संपवलं होतं, नवं तापायला तासभर तरी हवा होता. पिरोश्काने खिडकीतून आत पाहिलं. शेगडीपाशी लाल-गोरापान वेंडेल खुर्चीत बसला होता आणि बोग्लार्का त्याच्या मांडीवर बाळ ठेवून स्वतःचा कोट काढत होती. पिरोश्काला त्याचा भयंकर हेवा वाटला. मग दुपट्यातून बाहेर आलेली दोन उघडी पावलं तिला दिसली. उबेत बोटं ताणत होती पोरगी. पिरोश्काला हायसंही वाटलं.

"शनिवारी भाचीचं लग्न आहे," एतेल्का तिचा कोट कुरवाळत म्हणाली. "उभी राहशील ना जरा दारात?"

"तुझं धुराडं कधी साफ केलं होतंस?"

"अगं... सासरे होते तेव्हा."

पिरोश्काने ब्रश खांद्यावर टाकला.

"मोकळा तास आहे माझ्याकडे. चल, दाखव."