नावेच्या कपाटाचे खटके

तपासणीला आलेल्या साहेबांच्या गुडघ्यावर चहाचा थर्मास पडला आणि चैतरामच्या नावेचा परवाना तिथेच अडकला. चूक थर्मासची नव्हती. वैनगंगेवर नाव जरा वळली की आतल्या कपाटाची चारही दारं आपोआप उघडत आणि लाइफ जॅकेट, कप, बिस्किटांचे पुडे सगळे मिळून बाहेर येत. साहेब गुडघा चोळत म्हणाले, "देखो भैया, दरवाजा अपने आप खुलना नहीं चाहिए, और जॅकेट एक हाथ से निकलना चाहिए. सोमवार को फिर आऊँगा."

सोमवारी पास झालं नाही, तर थंडीचा सगळा मोसम हातचा जाणार होता. बालाघाटच्या लोकांना नदीवर फिरवायचं हे चैतरामचं जुनं वेड. निवृत्त झाल्याबरोबर त्याने ही जुनी मोटरबोट घेतली आणि बायकोला, सत्यभामाला, चहाच्या खात्याची प्रमुख नेमलं. तिने पगार विचारला नाही, यावरूनच तिची माया ओळखावी.

दुसऱ्या दिवशी तो मोतीलालच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला. मोतीलालने चार नमुने काउंटरवर मांडले.

"हे चुंबक, सगळ्यात सस्तं. हे गोळीवालं. हे चिटकणी, एकदम मजबूत. आन हा खटका, बोटानं दाबला का उघडते."

"नावेवर कोणतं टिकन?"

"मले काय मालूम? मी कधी नावेत बसलो नाही. चारही लावून पाह्य. चालन ते ठेव, बाकीचे वापस आण."

चैतरामने कपाट नावेतून काढून घरी आणलं, त्याला रंगाचा हात दिला आणि प्रत्येक दाराला एकेक नमुना लावला. आता ते हलवून बघायचं कसं, हा प्रश्न होता. नदी तर त्या आठवड्यात ताटातल्या वरणासारखी निवांत पडली होती.

"लाटा नदीत कुठं आहेत?" सत्यभामा म्हणाली. "लाटा किरनापूरच्या रस्त्यावर आहेत. हेमराजले ट्रॅक्टर आणाले सांगा."

शेजारच्या हेमराजने ट्रॉली आणली. कपाट मध्ये उभं केलं, दोरीने बांधलं आणि दारांवर नजर ठेवायला दोघं नवरा-बायको दोन बाजूंना बसले. बाहेर जायचं म्हणून सत्यभामाने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. चुंबक गावाबाहेर पडायच्या आतच सुटलं. गोळीवालं पहिल्या मोठ्या खड्ड्यात गेलं. चिटकणी शेवटपर्यंत टिकली, पण उघडायला दोन हात आणि हेमराजची चप्पल लागली. खटका मात्र जाताना हलला नाही, येताना हलला नाही, आणि दाबला की निमूट उघडला. शिवाय किंमत चिटकणीपेक्षा कमी. चैतरामचा चेहरा असा फुलला, की पाहणाऱ्याला वाटावं याच्या घरी काहीतरी मंगल आहे.

आणि पाहणारे बरेच होते. त्या दिवशी किरनापूरचा बाजार होता. ट्रॉलीत नवं रंगवलेलं कपाट, शेजारी नटलेली आई आणि हसरा बाप. आपल्याकडे याचा अर्थ एकच होतो, आणि तो कोणी विचारून घेत नाही. लेकीचं आंदण निघालं!

संध्याकाळी फोन वाजला. किरनापूरची विमलाबाई, चैतरामची थोरली बहीण. आई लवकर गेल्यामुळे याला तिनेच न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं.

"चैत्या, मी मेली का रे?"

"काहून, बाई? काय झालं?"

"तुह्या पोरीचं, नूतनचं आंदण माह्या दारावरून गेलं, आन मले पत्ता नाही!"

"बाई, ते नावेचं कपाट आहे."

"नावेले कपाट? आता मले शिकवतं का तू?" फोन बंद झाला. चैतरामने परत लावला, तिने उचलला नाही. चैतरामला जेवण गेलं नाही.

सोमवारी चारही दारांना नवे खटके लावून कपाट परत नावेत बसवलं होतं. साहेब आत बसले, सत्यभामा कपाटाजवळ. चैतराम इंजिन सुरू करणार, एवढ्यात घाटावर जीप थांबली आणि विमलाबाई तीन नातेवाईक बायांसह उतरली.

"बाई, थांब, साहेब आहेत!"

"असू दे. मले पाहू दे कपाट!"

चारही जणी एकाच बाजूने एकदम चढल्या. नाव कलली, मग दुसरीकडे कलली. साहेबांनी कपाटालाच मिठी मारली. कपाट कुरकुरलं, पण एकही दार उघडलं नाही.

"जॅकेट! जॅकेट दो!" साहेब ओरडले.

सत्यभामाने एका हाताने नावेची कड धरली, दुसऱ्या हाताच्या बोटाने खटका दाबला आणि पाच जॅकेटं पटापट वाटली. पहिलं साहेबांनी घातलं.

"पास! पास है! पहले मुझे उतारो!"

काठावर उतरताच साहेबांनी सही केली. चैतरामला नाचावंसं वाटत होतं, पण विमलाबाई जॅकेट घालूनच पायरीवर बसली होती.

"म्हंजे हे खरंच नावेचं आहे?"

"हौ, बाई."

"आन लग्न नाही?" तिने पिशवीतून शालू काढून मांडीवर ठेवला. "पोरीसाठी घेतला होता." तिचे डोळे भरले. चैतरामला इतकं वाईट वाटलं, की परवान्याचा कागद त्याने नुसता घडी करून खिशात टाकला.

तेवढ्यात मोटरसायकल येऊन थांबली. गोंदियाच्या शाळेत शिकवणारी नूतन मागून उतरली. चालवणारा तरुण हेल्मेट काढून, मान खाली घालून उभा राहिला.

"बाबा," नूतन एका दमात म्हणाली, "किरनापूरहून सगळ्यांचे फोन येऊन राह्यले. तुम्ही आंदणाची तयारीही केली म्हणे. मी तर या दिवाळीत सांगणार होती. हा राकेश, माह्याच शाळेत आहे. पण तुमाले कोणं सांगतलं?"

चैतरामने सत्यभामाकडे पाहिलं, सत्यभामाने चैतरामकडे. दोघांनाही कोणीच काहीच सांगितलं नव्हतं.

विमलाबाई उठली. तिने शालू झटकून नूतनच्या खांद्यावर घातला, राकेशला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि भावाकडे वळली.

"कपाट दुसरं बनव, चैत्या," ती म्हणाली. "पण खटके हेच लावजो."